दोन वाजायच्या आत

"गाडी नादुरुस्त आहे म्हणून सांग," ऊना म्हणाली. "कोण येतंय तपासायला?"

थोर्गिल्सने फोन खिशात ठेवला. रस्ते खात्याकडून फोन आला होता. खिंडीत बर्फ साचला होता आणि पलीकडे पाहुण्या संघाची बस अडकली होती. बारा वाजून वीस मिनिटं झाली होती.

थोर्गिल्स गावच्या फुटबॉल संघाचा प्रशिक्षक होता. तेवढ्यावर घर चालत नसे, म्हणून खात्याची बर्फ काढायची गाडीही तोच चालवायचा.

मोसमातला शेवटचा सामना होता. हरले तर संघ खालच्या गटात जाणार होता आणि थोर्गिल्सची प्रशिक्षकाची नोकरीही सुटणार होती. क्लबची अध्यक्ष ऊनाच होती. तिनं ते आडपडदा न ठेवता सांगितलं होतं. वादळाचा इशारा असल्यामुळे संघटनेनं पाहुण्यांना कालच यायला बजावलं होतं. ते आले नाहीत. आता दोनपर्यंत मैदानावर पोचले नाहीत, तर सामना तीन-शून्यने गावाचा.

"तुला काही करायचंच नाहीये," ऊना म्हणाली. "कॉफी घे. सावकाश घे."

त्यानं कप भरला, तसाच खाली ठेवला. बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधली.

"बसमध्ये हीटर आहे. मरत नाहीये कोणी."

"माहीत आहे."

"मग?"

"एविंदूर आहे त्यांच्याबरोबर."

एविंदूर पाहुण्यांचा प्रशिक्षक. दोघं नॉर्वेत एकाच संघातून नऊ वर्षं खेळले होते, एका खोलीत राहिले होते.

"तो तुझ्या जागी असता तर पांघरूण ओढून झोपला असता," ऊना म्हणाली. "नऊ वर्षं पास तू दिलेस, फोटो त्याचे छापून आले. आजही पास देणार आहेस?"

थोर्गिल्सने किल्ल्या उचलल्या.

"अरे, निदान हळू तरी चालव!" ती मागून ओरडली.

घाटाच्या पायथ्याशी त्यानं गाडी थांबवली. इंजिन चालूच ठेवलं. एविंदूरला फोन लावला. त्यानं उचलला नाही. पुन्हा लावला. पुन्हा तेच. अर्धा तास इथेच बसलं तर कुणाला कळणार नव्हतं. त्यानं घड्याळ पाहिलं, काच पुसली, परत घड्याळ पाहिलं. चार मिनिटं गेली होती.

त्यानं गाडीचं पातं खाली सोडलं.

खिंडीतला थर मीटरभर होता. तो एकदाही थांबला नाही. एक वाजून दहा मिनिटांनी शेवटचा ढीग बाजूला पडला आणि समोर बस दिसली.

आतून शिट्ट्या आल्या. पोरं खिडक्या बडवत होती. "काका, जिंदाबाद!" कुणीतरी ओरडलं. ड्रायव्हरनं लगेच इंजिन चालू केलं.

एविंदूर एकटाच खाली उतरला. बर्फातून धडपडत आला. थोर्गिल्सनं हात पुढे केला, पण त्यानं सरळ मिठीच मारली, घट्ट, आणि बराच वेळ सोडली नाही.

"हस, पोरं बघतायत," एविंदूर त्याच्या कानाशी म्हणाला. "गाढवा, अकरापर्यंत रस्ता मोकळा होता. पोटात कळा येतायत असं सोंग करून बर्फ साचेपर्यंत बस थांबवून ठेवली मी, तुझ्यासाठी."