न दुखणारा पाय

वीस वर्षं घरोघर पत्रं वाटणाऱ्या पोस्टमनचा उजवा पाय सुजून टम्म झाला होता, पण अजिबात दुखत नव्हता. “मुरगळला असेल,” म्हणत तो तीन आठवडे तसाच हिंडला. शेवटी पायाला हात लावताच बायको चरकली. डावा पाय गार, उजवा चांगलाच तापलेला. मधुमेही नवऱ्याला तिनं ओढतच दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी एक्स-रे दिव्यासमोर धरला. पावलातली तीन हाडं मोडली होती आणि त्यांच्यावरच तो रोज जिने चढत होता. “दुखलं असतं तर पहिल्याच दिवशी आला असतात,” डॉक्टर म्हणाले. “मधुमेहानं पाय बधिर झालाय का ते बघू. डोळे मिटा. टोचलं की सांगा.” त्यानं डोळे घट्ट मिटले. दुखावं असं त्याला आयुष्यात पहिल्यांदाच वाटलं. “हो, टोचलं!” तो म्हणाला. मग बायको हळूच म्हणाली, “अहो, डॉक्टरांनी अजून हातच लावलेला नाही.”