गच्चीवरची मेथी

भर दुपारी लाइट गेली आणि गच्चीवरची मोटार बंद पडली. भिंतीवर एकाखाली एक बसवलेल्या पाइपांतलं पाणी थांबलं. या उभ्या शेतीत माती नसतेच. पाणी थांबलं की मुळं सुकतात, आणि बीडच्या मे महिन्यात त्याला कितीसा वेळ लागणार! मेथीने बघता बघता माना टाकल्या.

"ट्रान्सफॉर्मर जळालाय. संध्याकाळशिवाय काय खरं न्हाई," बचत गटाची मंजुषा फोन ठेवत म्हणाली.

मग काय, गल्लीतल्या बाया बादल्या घेऊन वर धावल्या. तांब्याने वरून पाणी घालायचं, खाली आलेलं पुन्हा भरून घ्यायचं. शिवकन्या तेवढी आली नाही. पाळीतल्या बाईची सावली पडली तरी मेथी करपते, म्हणून तिने गच्चीवर पाऊल ठेवायचं नाही, असा नियम साखराबाईंनीच घातला होता. मंजुषाने वाद घालून पाहिला होता, पण साखराबाईंपुढे कुणाचं काय चालतंय!

आज त्याच सगळ्यांत पुढे होत्या. गल्लीने मिळून लावलेल्या या भाजीची पहिली जुडी त्यांच्या सुनेला द्यायची ठरलं होतं. धनश्रीला लग्नानंतर किती वर्षांनी दिवस राहिले होते. तिसरा महिना होता. डॉक्टरांनी रक्त कमी सांगितलं होतं, आणि उन्हाळ्यात बाजारात मिळते ती शिळी, सुकलेली भाजी. ही मेथी गेली तर सुनेला खायला घालायचं काय, या विचाराने त्यांचा जीव खालीवर होत होता.

वरच्या पाइपाला हात पुरेना. गुडघे बोलायला लागले. वळून बघतात तर धनश्री जिन्याच्या दारात नुसती उभी.

"बघत काय राहिलीस? तू उंच हायस, वरच्या पाइपात घाल की गं!"

ती हलली नाही. साखराबाईंचं डोकंच फिरलं.

"तुझ्यासाठीच मरायलोय ना आमी? मग कावून येईना गेलीस?"

धनश्रीने चौकट घट्ट धरली होती.

"कशी येऊ, आत्या? करपल की सगळी. अंगावरून जायलंय माझ्या. तेच सांगायला आलते."

साखराबाई तांब्या टाकून धावल्या. "रिक्षा बोलवा गं कुणीतरी!" मंजुषा खाली पळाली. पोर दारात किती वेळची उभी होती, हे मात्र एकीलाही सांगता येईना.