सांधा

ललितने बटण दाबलं आणि व्हायोलिन मधेच तुटलं. पूजाचा सूर वर एकटाच लोंबकळत राहिला. मग बासरी आली, ती थेट त्या सुरावर येऊन आदळली. पहिल्या रांगेतल्या एका काकांनी मान वर करून मंचावरचे दिवे पाहिले. त्यांना वाटलं, वीज गेली.

वीज गेली नव्हती. नाशिक रोडच्या त्या कॉलनीच्या मैदानावर दिवाळी पहाट चालू होती. नुकतं उजाडलं होतं. खुर्च्यांमधून उटण्याचा वास येत होता आणि मागे पोरं फुलबाज्या पेटवत होती. ललित हसला, जणू मुद्दामच तसं केलं. पण डोळ्याच्या कोपऱ्यातून तो लोकांचे चेहरे बघत होता.

कारण ललितचं नाव होतं ते याच गोष्टीसाठी. एकच कीबोर्ड, त्यावर व्हायोलिनवरून बासरी, बासरीवरून सनई, आणि मधला सांधा कुणालाही ऐकू यायचा नाही. कीबोर्ड तसा जुना. आवाज बदलायचं बटण दाबलं की वाजत असलेला सूर पापणी लवेपर्यंत बंदच पडायचा. पण ललितच्या हातात ती फट कुठे गडप व्हायची, देव जाणे. इतर वाजवणारे विचारायचे, कसं जमतं बुवा? ललित म्हणायचा, बोटात असावं लागतं. सिन्नरच्या मंडळाची माणसं आज खास त्याचं बोट बघायलाच आली होती. आवडलं तर तिकडचे वर्षभराचे कार्यक्रम त्याला मिळणार होते.

पुढच्या कडव्याला तो सावध होता. पूजाची ओळ पूर्ण संपेपर्यंत थांबला आणि मग बटण दाबलं. बासरी तालाला चुकून उशिरा आली. तबल्यावरच्या देवरामने त्याच्याकडे बघितलं. त्यापुढच्या कडव्याला तर घाईघाईत भलतंच बटण दाबलं गेलं आणि विरहाच्या गाण्यात लग्नाची सनई वाजली. मागे कुणीतरी खुदकन हसलं. सिन्नरवाल्यांपैकी एकजण चहा कुठे मिळतोय ते बघायला उठला.

पूजाला दोष द्यावा तर ती झकास गात होती. कॉलेजातली पोर, ओळीचा शेवटचा सूर छाती भरून लावत होती. ललितने तिला घेतलं होतं तेच त्यासाठी. तिच्याआधी बारा-तेरा वर्षं साधनाताई गायच्या. आवाज खडीसाखरेसारखा, पण ओळीचा शेवटचा सूर त्या जरा आधीच सोडून द्यायच्या. दम कमी पडतो, असं लोक म्हणायचे. ललितही म्हणायचा. दसऱ्यानंतर त्याने त्यांना सरळ सांगून टाकलं, की ताई, आता श्वास पुरत नाही तुम्हाला, आराम करा. त्या भांडल्या नाहीत, रडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "पूजाबरोबर तालीम करशील तेव्हा बटणंसुद्धा दाबून बघ."

ललितला तेव्हा हसूच आलं होतं. तालमीत तो आवाज कधी बदलायचाच नाही. आवाज बदलणं म्हणजे त्याच्या हातचा मळ होता.

साधनाताई याच कॉलनीत राहायच्या. आजही आल्या होत्या, मधल्या कुठल्यातरी रांगेत शाल पांघरून बसल्या होत्या. मध्यंतर झालं तशा कॉलनीतल्या बायका मागेच लागल्या, आमच्या ताईंचं एक गाणं होऊ दे. एरवी ललितने टाळलं असतं. आज त्याने स्वतः खाली उतरून त्यांना हात जोडले. ताई आल्या की बोट पुन्हा ठिकाणावर येईल, असं त्याला मनापासून वाटलं. का वाटलं, याचा विचार करायला त्याला सवड नव्हती.

ताई चप्पल काढून मंचावर आल्या. कीबोर्डच्या अगदी डाव्या अंगाला, आपल्या नेहमीच्या जागी उभ्या राहिल्या. गाणंही मघाचंच घेतलं. पहिली ओळ सरत आली. ललितचं बोट सवयीने बटणावर गेलं.

ताईंनी सूर सोडला नाही.

आता सोडतील, ललितला वाटलं. आता तरी. सूर भरतच गेला. मैदानभर पसरला. फुलबाज्या घेतलेली पोरं जागच्या जागी थबकली. देवरामने तबल्यावर एक तुकडा वाजवला, तो संपत आला, तरी सूर तसाच उभा, कुठे जराही कंप नाही. ललितचं बोट बटणावर टेकलेलं होतं आणि दाबायला जागाच नव्हती. इतकी वर्षं हातभर अंतरावर उभ्या असलेल्या या बाईचा एवढा श्वास त्याने कधी ऐकलाच नव्हता. ताईंनी अगदी समेवर आणून सूर अलगद ठेवला, तेव्हा बासरी आलीच नाही. व्हायोलिनच वाजत राहिलं आणि बासरीवाचून कुणाचं काही अडलं नाही.

टाळ्या थांबेनात. सिन्नरची माणसं उभी राहून टाळ्या वाजवत होती. पूजाही डोळे पुसत टाळ्या वाजवत होती. ताई खाली उतरायला निघाल्या तसा ललित कीबोर्ड सोडून त्यांच्या आडवा आला.

"ताई, एवढा दम होता, तर इतकी वर्षं सूर आधीच का सोडत होतात?"

ताईंनी शाल सारखी केली. त्याला हे ठाऊक नाही याचंच त्यांना नवल वाटलेलं दिसलं.

"अरे, तुझं बोट बटणाकडे निघालेलं दिसायचं ना मला इथून."