मग शून्य धर

हॉस्पिटलच्या ॲपमध्ये पेशंटनं आपलं दुखणं शून्य ते दहा अशा आकड्यात लिहायचं होतं. ते ॲप बनवणारी प्रोग्रामर ती. तिनं कोड लिहिला, पण तो तपासणारा कंपायलर प्रोग्राम अडून बसला: पेशंटनं लिहिलेल्याचा आकडा झालाच नाही तर काय करायचं ते सांग, त्याशिवाय पुढे जाऊ देणार नाही. तिला घरी जायची घाई होती. "मग शून्य धर," असं लिहून तिनं त्याचं तोंड बंद केलं.

आज त्याच हॉस्पिटलात वडिलांच्या खाटेपाशी ती नर्सवर तडकली. "सकाळपासून कण्हताहेत ते. कुणी फिरकलं का नाही?"

नर्सनं स्क्रीन पुढे केला. "ताई, इथे तर त्यांचं दुखणं शून्य दिसतंय."

तिनं वडिलांचा फोन उघडला.


आकड्याच्या चौकटीत त्यांनी लिहिलं होतं, "सहन होत नाही हो."