उतरू नका
जळगाव जामोदच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याशी शेषरावांचा मेलेला बैल टाकला होता आणि त्यावर तीन गिधाडं घिरट्या घालत होती. गिधाडांवर संशोधन करणाऱ्या सुचितानं या क्षणाची तीन वर्षं वाट पाहिली होती. कॅमेरा लावता लावता तिनं विचारलं, "बैल कशानं गेला, काका?" "पाय सुजला होता, बाई. काल सुई देल्ली, तरी नाही वाचला." शेषरावांनी खिशातून रिकामी शिशी काढून दाखवली. तिनं शिशीवरचं नाव वाचलं. जनावरांना द्यायला बंदी असलेलं सुजेवरचं औषध होतं ते. असलं मांस खाऊन गिधाड दोन-तीन दिवसांत मरतं. तेवढ्यात पहिलं गिधाड बैलावर उतरलं. ज्यांच्यासाठी ती आजवर श्वास रोखून झुडपात बसली, त्यांच्याच अंगावर ओरडत, ढेकळं फेकत धावली. "काऊन हाकलता, बाई?" शेषराव गोंधळले. "मरतील ती, काका! हे औषध त्यांना विष आहे!" मग तेही काठी घेऊन धावले. दोन गिधाडं वरच्यावर वळली. उतरलेलं उडालं तेव्हा त्याची चोच लाल झाली होती. शेषरावांनी बाभळीच्या काट्यांनी बैल झाकला. "मले कोणी सांगतलंच नाही," ते पुटपुटले. सुचिता कड्यावर जाऊन बसलेल्या त्या गिधाडाकडे पाहत होती. "वाचते का थे?" त्यांनी विचारलं. "तीन दिवस नजर ठेवावी लागेल, काका. मगच कळेल." शेषराव तिच्याजवळ दगडावर टेकले. "मंग मीबी बसतो," ते म्हणाले, "बैलापाशी बसलो होतो तसा."