फुगलेले घड

आमच्या वायनरीची पहिली वाइन यंदा होणार नाही. हे वाक्य मी लिहिलंच नाही असं धरून चालू.

बँकेतली नोकरी सोडून मी वाइनची द्राक्षं लावली. ही बारीकच बरी, रस दाट निघतो. मी परवान्यासाठी मुंबईला हेलपाटे घालत होतो, तेव्हा जन्मभर खायची द्राक्षं पिकवलेल्या वडिलांनी, म्हणजे दादांनी, एकेक घड फुगवणीच्या औषधात बुडवला. परतलो तर मणी लिंबाएवढे, आत नुसतं पाणी. त्याची वाइन नाही, सरबत होतं.

"उपाशी दिसत होती रे तुझी बाग," कंबर धरून दादा म्हणाले. "आता कशी वाटते?"

"एक नंबर, दादा."

प्रति, मा. कृषी अधिकारी: सदर द्राक्षे पूर्ववत बारीक करून मिळावीत व या अर्जाची प्रत वडिलांना देऊ नये, ही नम्र विनंती.