माणूस असेल तिथंच दिवा

बोरीजवळच्या डेटा सेंटरचा मॅनेजर योगीराज विजेला इतका जपायचा, की बायकोनं देवापुढं दिवा लावला तरी तो घड्याळ बघायचा. सर्व्हरच्या बिनखिडकीच्या खोलीत त्यानं माणूस असेल तिथंच लागणारे दिवे बसवले होते.

भरदुपारी झाडता झाडता कडूबाई म्हणाली, "साहेब, त्या कोपऱ्यात कोन हाय? दिवा लागलाय."

"कुणी न्हाई, मावशी."

तेवढ्यात त्याच्याच डोक्यावरचा दिवा विझला. त्यानं हात हलवले, उड्या मारल्या. अंधारच.

"मावशी!"

कडूबाई कोपऱ्याकडं बघून हसली. "तिथं व्हय साहेब? चला, जेवण निवायलंय."

एकेक दिवा लागत-विझत तिच्यामागून दारापर्यंत गेला. दार लागलं. योगीराजनं धडका दिल्या.

बाहेरून त्याचाच आवाज आला, "बघा मावशी, आत कुणी नसलं की एकही दिवा जळत न्हाई."